बल्ली बोलते का?

बारा टनांवर बल्ली करकरायला लागली, तसा मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आमच्यातला मजूर कवडू निकुरे बल्लीखालच्या जॅकचा दांडा मारत होता. त्याने आणखी चार-पाच हिसके दिले. बल्लीच्या मधोमध एक ढलपी सुटली, बारीक कुसं उडाली, आणि चौदा टनांवर ती कडाडून फुटली. मग मी तिच्या जागी नवा खांब उभा करायला लावला. काटा पंचवीस टनांवर गेला, कवडूचा घाम मानेवरून ओघळायला लागला, जॅकची ताकद संपली. खांबाने हूं केलं नाही की चूं केलं नाही.

"पाहिलं?" मी म्हणालो.

खाणीत उतरणाऱ्या उताराच्या तोंडाशी पहिल्या पाळीचे साठेक लोक उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, ओव्हरमन होऊन दोन वर्षं झालेली, म्हणजे एका भागातल्या कामाची आणि माणसांची जबाबदारी माझ्यावर. अंगात हुशारी मावत नव्हती. चंद्रपूरकडची कोळशाची खाण होती ती. नाव सांगत नाही. जमिनीखालचा कोळसा काढला की वरचा दगड उघडा पडतो. त्याला आम्ही छत म्हणायचो. ते छत तोलून धरायला आजवर साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाच्या बल्ल्या लावत होते, आणि आता त्यांच्या जागी पोलादी खांब आले होते. खांब मागवा म्हणून मॅनेजरसाहेबांच्या मागे वर्षभर भुणभुण लावणारा मीच होतो.

"साजाची बल्ली अठ्ठावीस किलोची, हा खांब पंचेचाळीसचा," मी भाषण ठोकलं. "एवढ्याच मापाचा भरीव असता तर अडीचशे किलो भरला असता, म्हणून आतून पोकळ ठेवलाय. वजन दीडपट, पण ताकद तिप्पट. कोणाला काही विचारायचंय?"

विचारलं ते सोमाजी पेंदोरने. दुसरं कोण विचारणार! सोमाजी आमचा टिंबर मिस्त्री. बल्ली कुठे लावायची, किती अंतरावर, पाचर कशी ठोकायची, हे सगळं त्याच्या हातात. पन्नाशी उलटलेला, काटक, जातीने गोंड, आणि जंगलातलं प्रत्येक लाकूड वासावरून ओळखणारा. तीस वर्षं सुरुंगांचे आवाज ऐकून त्याचे कान गेले होते. डावा ठार बंद, आणि उजव्याला तोंड लावून ओरडलं तर त्यात थोडंफार शिरायचं. लाकूड मोडण्याआधी करकरतं, खाणीतली माणसं त्याला 'बल्ली बोलते' म्हणतात. सोमाजीला ते बोलणं ऐकू यायचं नाही. तो आत शिरला की एकेका बल्लीला तळवा लावत जायचा. ज्या बल्लीशी थांबला, तिच्याजवळून आम्ही सगळे मुकाट्याने बाजूला व्हायचो.

"लोखंड मोडाच्या आंधी काही सांगते का, साहेब?" त्याने बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "सांगायचं कशाला? सासुरवाशिणीसारखं निमूट सोसतं!"

लोक हसले.

"सासुरवाशीन सोसते, सोसते, आन् एक दिस इहीर जवळ करते," सोमाजी म्हणाला. लोक पुन्हा हसले, आणि हे हसणं माझ्यावर होतं. ते मला झोंबलं.

मग त्याने दुसरी गोष्ट काढली. आमच्या सात नंबरच्या भागात खालची जमीन कच्ची होती. करड्या रंगाचा भुसभुशीत दगड, पाणी लागलं की चिखल. सोमाजीचं म्हणणं, प्रत्येक खांबाच्या पायाखाली लाकडाची एकेक फळी घालू.

"लोखंडाच्या पायात लाकूड?" मी हसलो. "हत्तीला कोणी चपला घालतं का, सोमाजीभाऊ?"

 त्याच दिवशी मी हुकूम काढला, सात नंबरमध्ये यापुढे एकही बल्ली दिसता कामा नये. सगळं लाकूड वर पाठवा. मॅनेजरसाहेब नवं काम बघायला येणार होते. त्यात लाकडाचा तुकडा मला नको होता. खरं कारण एवढंच.

नऊ दिवस सगळं सुरळीत चाललं. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, मधून वाट, दिवा मारला की नवा रंग चमकायचा. मी तर बायकोला घरी येऊन सांगायचो की आता आत लग्नाच्या मांडवातून चालल्यासारखं वाटतं.

दहाव्या दिवशी सकाळची पाळी. कोळसा भरणारे लोक आत यायच्या आधी छत तपासायचं असतं. मी, सोमाजी आणि कवडू असे तिघेच पुढे गेलो होतो. वळणावर कवडूचा पाय कशाला तरी अडखळला. मी दिवा वळवला. भिंतीला लागून जुनी ताडपत्री पसरली होती आणि तिच्याखाली चार बल्ल्या होत्या. चार पाचरा आणि सोमाजीची कुऱ्हाडही.

"हे काय?" मी ओरडलो.

सोमाजीला ऐकू गेलं नसेल, पण माझा चेहरा वाचता येत होता. "राहू द्या न, साहेब. खात नाई का पीत नाई."

"मी काय हुकूम दिला होता? उद्या साहेब येणार आहेत! माझं नाक कापायचंय का तुला?" तोवर मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो. रागात ते सुटलं. "कवडू, उचल हे सगळं आणि वर ने."

"लोखंड बोलत नाई, साहेब," सोमाजी म्हणाला. "एकादं तरी बोलनारं पायजे अंदर."

मी तावातावाने त्याचं मनगट धरलं आणि त्याला खांबांच्या रांगेत ओढत नेलं. एकेक खांब दाखवायचा, सरळ आहे का वाकलाय ते त्यालाच विचारायचं, असं माझ्या मनात होतं. पहिला दाखवला, सरळ. दुसरा, सरळ. तिसऱ्यापाशी मी बोलता बोलता थांबलो. खांब सरळच होता, रंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण तो मला बुटका वाटला.

मी दिवा खाली नेला. खांबाच्या पायाशी वीतभर रुंदीची लोखंडी चकती असते. ती दिसत नव्हती. खांब चार बोटं जमिनीत गेला होता. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. छत कुठेही न मोडता, कुठेही आवाज न करता, सगळ्या खांबांना एकदम खाली दाबत आलं होतं. पोलादाला काहीही झालं नव्हतं. पायाखालची जमीन हरली होती.

 मी सोमाजीकडे वळून मागे जायची खूण केली. कवडूला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मानेवर वाळूसारखी बारीक माती पडली. एवढीच सूचना होती. मी आडोशाकडे उडी घेतली, खांब कलंडला, कसला तरी प्रचंड धक्का बसला आणि मी तोंडावर आपटलो.

शुद्ध गेली नव्हती. गेली असती तर बरं झालं असतं. धूळ खाली बसेपर्यंत मला माझाच खोकला ऐकू येत होता. मग दिव्याच्या उजेडात दिसलं. छतातून बाजेएवढी एक शिळा सुटून पडली होती. तिची एक कड आडव्या पडलेल्या खांबावर टेकली होती, आणि तो खांब माझ्या डाव्या नडगीवर होता. गुडघ्याखालचा पाय खांब आणि जमीन यांच्यात चिणला गेला होता. दुखत नव्हतं अजून. मी ओढून पाहिला, आणि मग दुखलं. मी गुरासारखा ओरडलो.

सोमाजी आणि कवडू दोघेही वाचले होते, ते वाटेच्या बाजूला फेकले गेले होते. दोघे धावत आले. त्यांनी माझ्या काखेत हात घालून ओढलं. पाय तसूभर हलला नाही. त्यांनी छत ठोकून बघायला आणलेली सब्बल, म्हणजे पहार, खांबाखाली घालून उचकटायचा प्रयत्न केला. सब्बल वाकली. सोमाजी मागे जाऊन कुऱ्हाड घेऊन आला, सवयीने उगारलीही, आणि हातातल्या पात्याकडे, मग खांबाकडे बघून खाली ठेवली.

लाकूड असतं तर त्याने ते दहा-बारा घावांत तोडलं असतं. पायावर बल्ली पडलेले दोन लोक मी त्याला असे सोडवताना पाहिले होते. पण जे खांब पंचवीस टनांना वाकत नव्हते, त्यांच्यापुढे कुऱ्हाडीचा काय पाड? गॅसच्या ज्योतीने पोलाद कापता येतं, मात्र कोळशाच्या खाणीत ज्योत आणायची सोय नाही; एका ठिणगीसरशी सगळी खाण पेटते. हाताने चालवायची करवत वर, वर्कशॉपमध्ये. वर जाऊन खाली यायला पाऊण तास.

छतात घरघर झाली. वरून जड गाडी गेल्यावर घराच्या भिंती हादरतात, तसं काहीतरी मला छातीखालच्या जमिनीतून जाणवलं.

"पळ, कवडू!" सोमाजी म्हणाला. "वरून लोकं आन, करवत आन, जॅक आन. पळ!"

कवडूचा दिवा लांब लांब जाऊन वळणावर दिसेनासा झाला. आता आत दोनच दिवे होते, एक माझ्या टोपीवरचा आणि एक त्याच्या.

सोमाजीने ताडपत्रीखालच्या चारातल्या दोन बल्ल्या ओढत आणल्या. इतर दोन लांबीला बसत नव्हत्या. एकेक बल्ली शिळेच्या कडेला, अजून लटकून असलेल्या छताखाली उभी केली. एकीच्या पायाखाली चपटा दगड सरकवला, दुसरीच्या पायाखाली स्वतःचा डबा अडकवायचा चामडी पट्टा दुमडून घातला. वर पाचरा ठोकल्या. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होतो. मग तो माझ्या पायापाशी आला. तिथे माणूस बसेल एवढीच जागा होती. पाठीशी एक बल्ली, पुढे खांब, खाली मी. आखूड दांड्याचा टिकाव घेऊन तो माझ्या पायाखालची जमीन उकरायला लागला.

मी कंबरेतून वळून पाहत होतो, पण क्षणभर कळलंच नाही तो काय करतोय. मग कळलं. खांब तुटत नाही, पाय निघत नाही. पण ज्या कच्च्या जमिनीने आमचे खांब गिळले, ती उकरता येते. पायाखालून जमीनच काढून घेतली तर पाय खाली बसेल आणि सुटेल. एवढी साधी गोष्ट माझ्या डिप्लोम्यात कुठे नव्हती.

दोन-चार घाव घालून तो थांबला आणि माझ्याकडे वळला. दिव्याचा झोत माझ्या डोळ्यांवर आला.

"साहेब, आयका. मले आयकू येत नाई, आन् हात माहे गुतले हायेत. तुमाले आयकू येते. मी मधामधात विचारीन. बल्ली बोलत असन तं दिवा वर-खाली करजा. बोलत नसन तं आडवा करजा. समजलं?"

मी दिवा वर-खाली केला. समजलं.

बल्ली बोलली की निघायचं, हा आमच्या खाणीतला पहिला धडा. पाय अडकलेला माणूस सख्खा भाऊ असला तरी निघायचं, नाहीतर एकाच्या जागी दोन जातात. मला हा धडा सोमाजीनेच दिला होता, पहिल्या दिवशी.

टिकाव चालू झाला. खच, खच, खच. उकरलेला चुरा तो हाताने बाजूला सारायचा. माझ्या नडगीखाली बोटभर जागा झाली असेल, तेव्हा त्याच्या पाठीशी असलेल्या बल्लीतून पहिला आवाज आला. टिक्. सुकं काटूक मोडावं तसा. मी श्वास रोखला. पुन्हा, टिक्.

"बल्ली बोलते का?" सोमाजीने विचारलं. त्याने मान वर केली नव्हती, फक्त डोळे माझ्या दिव्याकडे होते.

त्या वेळी मला काय काय आठवलं, ते सगळं सांगता येईल. मालतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, सहा महिने झालेलं पोट आठवलं. सोमाजीची धाकटी सुमित्रा आमच्याकडे शिवणकाम शिकायला यायची, तीही आठवली. मशीनवर वाकलेली, तोंडात टाचणी धरलेली. दोघी आठवल्या. तरीही मी दिवा आडवा केला.

नाही.

सोमाजी पुन्हा उकरायला लागला.

मला इतकी भीती आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. मरणाची होतीच, पण एकट्याने मरायची त्याहून जास्त होती. हा माणूस गेला की त्याचा दिवा त्या वळणावर नाहीसा होईल आणि मग छत माझ्यावर सावकाश, मला कळेल अशा बेताने येईल. ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. माझे दात एकमेकांवर आपटत होते. चड्डी ओली झाली होती. मी देवाला नव्हे, त्या टिकावाला हात जोडत होतो.

दुसरा आवाज टिक् नव्हता. बल्ली करकरली, लांब, गंजलेल्या बिजागरीच्या दारासारखी. तिच्या सालीखालून एक पांढरी रेघ वर चढत गेली. शेजारची बल्लीही करकरली.

"आता? बोलते का?"

दिवा आडवा. माझी मान दोरीने ओढल्यासारखी चटकन वळली, विचार करायलाही थांबली नाही.

"मले सोडून जाऊ नको, सोमाजीभाऊ," मी म्हणालो. शिक्षण, हुद्दा, शुद्ध बोलणं सगळं गळून गेलं होतं, राहिली होती आईची बोली. त्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी मी म्हणत राहिलो. "जाऊ नको, बाप्पा. जाऊ नको."

पायाखालची जागा वाढत होती. पाय थोडा खाली बसला आणि नडगीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अजून घोटा अडकलेला होता. सोमाजी कुशीवर झाला, हात पार आत घालून उकरायला लागला. टिकाव आत जात नव्हता, म्हणून तो बोटांनी ओरबाडत होता. त्याच्या नखांतून रक्त येत होतं. आणि त्याच्या पाठीमागे बल्ली फुटत होती. आता ती बोलत नव्हती, ओरडत होती. ढलप्या उडून माझ्या टोपीवर पडत होत्या.

तिसऱ्या वेळी त्याने मान वर केली.  माझ्याकडे बघत राहिला. दिव्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त घामेजलेली हनुवटी दिसत होती.

"बोलते का, साहेब?"

मी दिवा आडवा केला. एकदा नाही, दोनदा, तीनदा, सगळं अंग हलवून. नाही, नाही, नाही.

त्याने मान घातली आणि दोन्ही हात आत खुपसले. बूट अडकला होता तो त्याने फाडला. मग माझ्या काखांत हात घालून त्याने मला ओढलं. पाय निघाला. बूट तिथेच राहिला. सोमाजी मला पाठीवर न घेता तसाच उताणा फरफटत नेत होता, उलटा चालत, आणि मी मागे बघत होतो. आधी डावी बल्ली मधोमध मोडली, लगेच उजवी. त्यानंतर जे झालं त्याचा आवाज मला आठवत नाही, वाराच आठवतो. छत पडलं की कोंडलेली हवा जाते कुठे? ती आमच्या अंगावर आली आणि आम्हा दोघांना उचलून वळणापलीकडे टाकून गेली. कवडू आणि त्याच्याबरोबरचे लोक आम्हाला तिथेच भेटले.

हॉस्पिटलात माझ्या पायात पोलादाची सळई घातली. लोखंडापासून माझी सुटका नव्हतीच.

चौथ्या दिवशी मॅनेजर खानझोडेसाहेब आले. चौकशी सुरू झाली होती. फळ्या नको म्हणणारा मीच, हे मी त्यांना आधीच लिहून दिलं होतं. ते सोपं गेलं. माणूस हुशारीत चुकला असं लिहायला फार त्रास होत नाही. साहेबांनी पिशवीतून एक कागद काढला.

"पेंदोरचा जबाब आहे. तुम्ही वाचून खाली सही करा, म्हणजे दोघांचं जुळलं असं होईल." आणि मी कागद हातात घ्यायच्या आत त्यांनीच वाचून दाखवला. "'मी सोमाजी जंगू पेंदोर, टिंबर मिस्त्री. मला ऐकू येत नसल्याने बल्ली बोलते का, हे मी ओव्हरमन झाडे यांना तीन वेळा विचारले. तीनही वेळा त्यांनी दिवा वर-खाली करून मला निघून जाण्याची खूण केली. मी त्यांचे ऐकले नाही. नियम मी मोडला. त्यात साहेबांचा दोष नाही.'" साहेबांनी कागद खाली ठेवला. "झाडे, स्वतःचा पाय अडकलेला असताना दुसऱ्याला जा म्हणायला छाती लागते. मी तुमचं नाव वर पाठवतोय."

माझ्या कानांतून गरम वाफा निघाल्या. सही सकाळी करतो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

संध्याकाळी सोमाजी आला. हाताच्या दहाही बोटांना पट्ट्या. तो स्टुलावर बसला, कसं हाये म्हणाला, आणि वॉर्डभर ऐकू गेलं. मला त्याला विचारायचं होतं. पण त्याला विचारायचं म्हणजे ओरडायचं, आणि त्या वॉर्डात बावीस खाटा होत्या, निम्म्या आमच्याच खाणीतल्या लोकांच्या. मी उशाचा कागद त्याला दाखवला. मग डोक्यावर दिवा आहे असं समजून मान सावकाश आडवी हलवली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आणि हात पसरले. का?

सोमाजीने इकडे तिकडे पाहिलं. मग खाली वाकला. त्याला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"बल्लीले पाठ टेकून होती माही, साहेब. पहिल्यापासून समजत होतं मले."

मी बोटाने त्याच्याकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे खूण केली. मग विचारलंस कशाला?

"भेव लागत होतं." तो पट्ट्या बांधलेली बोटं एकमेकांवर ठेवत म्हणाला. "तुमी जाय म्हटलं असतं तं गेलो असतो, खोटं कायले सांगू. जाव म्हनूनच विचारलं तिसऱ्यांदा. तं तुमी असे हालले, असे हालले, का लेकरू हालते तसे. ज्याले एवढं जगाचं हाये, त्याले टाकून मानूस कसा जाईन?"

मी रडायला लागलो. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हे कोनाले सांगाचं नाई. घरी बाईले बी नाई." सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. कोणाला काही कळलं नाही.

सकाळी मी सही केली.

त्यानंतर सोमाजी जिवंत असेपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, दर सुरक्षा सप्ताहात मला मंचावर बोलवायचे. मी काठी टेकत जायचो, नव्या पोरांना लोखंड, लाकूड आणि खालची जमीन यांच्याबद्दल सांगायचो. फळी का घालायची ते सांगायचो. मग त्यांचा आग्रह व्हायचा आणि मी दिव्याची गोष्ट सांगायचो, कागदावर होती तशी. तीन वेळा वर-खाली. पहिल्या रांगेत सोमाजी बसलेला असायचा. त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू यायचं नाही. शेवटी लोक टाळ्या वाजवायचे, ते पाहून तोही वाजवायचा.